विचारायला पाहिजे होतं

विशाखाताई रस्त्यात भेटल्या तर जय भीम, नमस्कार, कशी आहेस, सगळं रीतसर व्हायचं. वर्गात मात्र त्यातलं काही नाही. सकाळी व्यायामाला आलेल्या प्रत्येक बाईसमोर त्या जाऊन उभ्या राहत, तिच्या तोंडाकडे निरखून बघत आणि विचारत, "पोटात काय आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या बाईकडे सरकत नसत. पहिल्या दिवशी मला हा प्रश्न भलताच उद्धट वाटला होता. मी सरकारी कचेरीतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि माझ्या पोटात काय आहे हे विचारायची कोणाची शामत नव्हती. मी तोऱ्यात सांगितलं, चहा. त्या म्हणाल्या, "नुसता चहा? मग आज तुम्ही खुर्ची."

मला खुर्चीत बसवून हातपाय हलवायला लावले. शेजारी माझ्याहून वयाने मोठ्या बायका उभ्या राहून हात फिरवत होत्या आणि मी आपली बसलेली. आयुष्यभर सरकारची खुर्ची उबवली, आता निवृत्त झाल्यावरही कपाळी खुर्चीच, असं पुटपुटत मी घरी आले आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी विशाखाताई आमच्या दारात. आत आल्या नाहीत, उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मालतीबाई, खुर्ची ही शिक्षा नाही हो. उद्या दोन पोळ्या खाऊन या, उभं करते." मी गेले. तेव्हापासून वर्ग बंद होईपर्यंत जात राहिले.

वर्ग भरायचा नायगावात, आमच्या चाळींच्या मधल्या मैदानात. विशाखा तांबे बौद्ध वस्तीतल्या चाळीत राहायच्या, आम्ही पलीकडच्या. परळच्या एका शाळेत त्यांनी पीटीच्या बाई म्हणून नोकरी केली. त्याआधी चाळीच्या महिला संघातून कबड्डी खेळायच्या. अंगाने बारीक, काळ्यासावळ्या, उजव्या पायाने किंचित लंगडत. तो पाय कसा गेला ते त्यांनी एकदाच सांगितलं. सामन्याच्या आधी गुडघा सुजला होता, आणि संघाच्या मास्तरांनी घट्ट पट्टी बांधून त्यांना मैदानात उतरवलं होतं. सामना जिंकला, ढाल चाळीत आली, ढोल वाजले. त्या दिवसानंतर विशाखाताई पुन्हा खेळल्या नाहीत. "दुखतंय म्हणायची लाज वाटली गं," त्या म्हणाल्या. "सगळे टाळ्या वाजवत होते ना."

मला वाटतं त्यांचा सगळा वर्ग त्या लाजेविरुद्ध उभा केलेला होता. इतर ठिकाणी तगडी माणसं पुढे आणि लटपटणारी मागे लपलेली असतात. इथे उलटं. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना दम लागतो, त्या पहिल्या ओळीत. सगळ्या वर्गाने त्यांच्या चालीने चालायचं. तरण्या सुना मागून कुरकुरायच्या, तर ताई त्यांना हळूच असं काहीतरी द्यायच्या की त्यांच्या मांड्या थरथरायला लागत आणि कुरकुर थांबे. प्रत्येक प्रकाराच्या तीन तऱ्हा असत: खुर्चीत बसून, भिंतीला हात लावून आणि मोकळ्यावर. कोणी कुठे राहायचं ते रोज सकाळी नव्याने ठरायचं. काल मोकळ्यावर होतीस म्हणून आज असशीलच असं नाही, रात्री झोपली नसशील तर आज भिंत धर, असा त्यांचा हिशेब.

ताई स्वतः पुढे उभ्या राहून करून दाखवत नसत. एकदा दाखवायचं आणि मग ओळींमधून फिरत राहायचं. मी पुढे उभी राहिले की तुम्ही माझं अंग बघणार, स्वतःचं बघणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आकडेही म्हणू देत नसत. शाळेत आयुष्यभर 'एक दो तीन चार' ओरडलेल्या बाईने हे म्हणावं याचं मला हसू यायचं. पण त्या म्हणायच्या, "आकडा डोक्यात शिरला की गुडघ्याचं ओरडणं ऐकू येत नाही. पुरे वाटलं की पुरे."

आणि बडबड. त्यांच्या वर्गात शांतता चालत नसे. हात वर नेतानाही बोलायचं. आज डब्याला काय, नणंद किती दिवस राहणार, कोणाच्या पोराला कुठे नोकरी लागली. लांबून बघणाऱ्याला वाटावं की या बायकांना व्यायामाचं काही नाही, गप्पा ठोकायला जमल्यात. पण एखादी गप्प झाली की ताई लगेच तिच्याजवळ पोचत. तोंडातून शब्द निघत नाही म्हणजे दम संपला, असा त्यांचा साधा नियम. शिंद्यांची सून एकदा अशीच मध्येच गप्प झाली. ताईंनी तिला खाली बसवलं, बाजूला नेऊन काहीतरी विचारलं. सुनेला दिवस गेले होते आणि अजून सासूलाही माहीत नव्हतं. ताईंनीही ते कोणाला सांगितलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून तिला पहिल्या ओळीत घेतलं, आणि मग आम्हा सगळ्यांना कळलंच.

पुढे आमच्या चाळी पाडायला काढल्या. माणसं विखुरली. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाडं घेऊन भायखळ्याला, कोणी लेकीकडे. त्या दिवसांतही ताई जिथे चार बायका असतील तिथे जाऊन वर्ग घ्यायच्या, एकदा तर चक्क जिन्याखालच्या बोळात. टॉवर उभा राहिल्यावर आम्ही परतलो आणि तळमजल्याच्या वर एक छान हॉल मिळाला, गुळगुळीत लाद्यांचा. ताईंना त्या लाद्या मुळीच आवडल्या नाहीत. रोज आधी स्वतः फडकं मारून ओल बघायच्या, मग आम्हाला आत घ्यायच्या. नव्या घरात माणसं एकमेकांना लिफ्टमध्येच भेटायची. वर्गात मात्र जुनी चाळ पुन्हा भरायची. निदान मला तरी तसं वाटायचं.

आता सुरेखाबद्दल सांगायला हवं. सगळ्यांचीच नावं मी इथे बदलली आहेत, टॉवरचा पत्ताही नीट देत नाही, त्याचं कारण पुढे येईल. सुरेखा मूळची मालवणकडची. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा प्रसाद. तिने डबे करून त्याला शिकवलं. मुलगा गुणी, नोकरी चांगली, पण लग्न जमत नव्हतं. चाळीत होते तेव्हा मुली एका खोलीकडे बघून परत जात. टॉवरमध्ये आल्यावर मुलीकडचे म्हणायला लागले, मुलाचं वय झालं. सुरेखाच्या मनाने या गोष्टीची धास्ती घेतली होती. विशाखाताईंची आणि तिची गट्टी चाळीपासूनची. दोघी एकमेकींना अगं-तुगं करायच्या, आणि वर्गात सुरेखाची बडबड सगळ्यांत जास्त.

तिला मधुमेह होता, सकाळची गोळी होती. ताईंचा याबाबत कडक नियम होता. उपास असेल त्या बाईने खुर्चीत बसून नुसता श्वास घ्यायचा, आणि गोळीवाल्या बाईला उपास असेल तर तिला दारातूनच घरी परत. संकष्टी, एकादशी, हरतालिका, नवरात्र, सगळं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं पाठ होतं. आम्ही विसरलो तर त्याच आठवण करून देत. पण एखादीने मनातल्या मनात बोललेलं व्रत त्यांना कसं कळावं?

तो सोमवार होता. मी सुरेखाच्या शेजारीच उभी होते. ताई नेहमीप्रमाणे समोर आल्या, विचारलं, पोटात काय आहे? सुरेखा म्हणाली, "उपमा. भरपूर खाल्ला." ताईंनी क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे सरकल्या. त्या दिवशी सुरेखा नेहमीपेक्षा जास्तच बोलत होती, त्यामुळे शंका यायलाही जागा नव्हती. आम्ही भिंतीला हात लावून टाचा उचलत होतो. तिने बोलता बोलता भिंतीवरचा हात काढून कपाळावर नेला आणि ती बाजूला कोसळली. लादीवर खुबा आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आम्ही सगळ्या तिला उचलायला धावलो. ताईंनी एका हाताने सगळ्यांना अडवलं. पाय हलवू दिला नाही. तिचं अंग घामाने गार झालं होतं. शुद्ध होती, ओळखत होती. ताईंनी साखरपाणी मागवलं, डोकं जरा उचलून घोट घोट पाजलं, एकीला ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितला, दुसरीला प्रसादला. आवाज जरासुद्धा चढला नाही. फक्त सुरेखाच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी एकदा हुंगलं, आणि त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. उपमा खाल्लेल्या माणसाच्या तोंडाला तसा उपाशी पोटाचा वास येत नाही.

रुग्णालयात प्रसाद पोचायच्या आधी आम्ही दोघी सुरेखाजवळ होतो. ताईंनी काही विचारलं नाही. सुरेखाच बोलली. तिने सोळा सोमवार धरले होते, प्रसादच्या लग्नासाठी. प्रसादला सांगितलं असतं तर तो ओरडला असता, साखर आहे आणि उपास कसले करतेस म्हणून. तो सकाळी लवकर निघायचा, रात्री दोघं एकत्र जेवायची, त्याला पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता. ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी घरी पाठवलं असतं. शिवाय धरलेलं व्रत चारचौघींत बोलून दाखवू नये असंही तिच्या आईने शिकवलेलं. गोळी मात्र तिने घेतली होती. ताई एवढंच म्हणाल्या, रिकाम्या पोटी गोळी कशी घेतलीस गं? त्यावर ती खरोखर आश्चर्याने म्हणाली, "गोळी म्हणजे काय अन्न आसा? गोळीन उपास मोडता काय?"

मग तिने ताईंचा हात धरला. "माज्या झिलाक सांगू नको हां विशाखा. त्येच्यासाठी केलंय असा कळला तर तो जल्मभर सोताक खात रवतलो." ताईंनी तिचा हात थोपटला आणि प्रसादला नाही सांगणार म्हणाल्या. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. आजारी बाईची समजूत काढली, इतकंच.

आठवड्याभरात सोसायटीची सभा बोलावली गेली. डॉक्टरांनी प्रसादला सांगितलं होतं की पोट रिकामं होतं, साखर एकदम उतरली, म्हणून भोवळ आली. प्रसादने आपल्या परीने अर्थ लावला: आई घाईत खायची विसरली. सेक्रेटरी गोड बोलणारे गृहस्थ. कोणावर आरोप करायचा नाही, पण जबाबदारी कोणाची हे ठरलं पाहिजे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मागे बसलेली एक बाई हळूच म्हणाली, पहिल्यापासून हॉल त्यांच्या ताब्यात द्यायलाच नको होता. 'त्यांच्या' हा शब्द तिने जरा ओढून म्हटला. चाळीत जन्म गेलेल्या माणसाला ते ओढणं बरोबर कळतं. ताईंनाही कळलं असणार, पण त्यांनी मान वळवली नाही.

प्रसाद उभा राहिला. मुलगा बिचारा झोपला नव्हता कित्येक रात्री. ओरडला नाही. त्याने नीट, आदराने विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज प्रत्येकीला विचारता ना, पोटात काय आहे म्हणून? आई घरी येऊन नेहमी सांगायची. त्या दिवशी विचारलं होतंत?"

मी उठायला लागले होते. शेजारी बसलेल्या ताईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मला खाली दाबलं. त्या लंगड्या पायाच्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्या उभ्या राहिल्या.

"विचारायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

बाकीच्या बायका खाली बघत होत्या. ज्यांना त्या रोज विचारायच्या त्यांनाच त्या क्षणी वाटलं, असेल बाई, एखाद्या दिवशी राहूनही जात असेल. बारा वर्षं तप करून मिळवलेलं नाव त्या एका वाक्याने गेलं. वर्ग त्याच दिवशी बंद झाला.

जिन्यात मी त्यांना गाठलं. मी तोंडाची फटकळ, काय काय बोलले ते आता लिहवत नाही. खोटं बोलायची काय गरज होती, नुसतं गप्प राहायचं होतं, असं म्हणाले. त्या कठडा धरून थांबल्या. म्हणाल्या, गप्प राहिले असते तर प्रसादने तुला विचारलं असतं, मग बाकीच्यांना, मग कोणीतरी म्हणालं असतं की विचारलं होतं आणि उपमा म्हणाली होती. मग तो म्हणाला असता, आई खोटं का बोलली? एवढं सगळं त्या बाईने उठून उभं राहायच्या आत मनात जुळवलं होतं. वर्ग आखताना जशा दहा पावलं पुढचा विचार करायच्या, तसंच.

त्यानंतर त्या रोज दुपारी सुरेखाकडे जायला लागल्या. मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पलंगावर पडून होती ती. घोटे फिरव, बोटं हलव, कूस बदल, हे सगळं तिच्याकडून हळूहळू करून घेत. ती जराशी उठून बसायलाही लागली होती. एका दुपारी प्रसाद लवकर घरी आला, त्याने पाहिलं आणि हात जोडले. "मॅडम, आता तुम्ही नका येऊ," म्हणाला. सुरेखा पलंगावरून ताईंकडे बघत राहिली. तिलाही तोंड उघडता आलं असतं. तिने उघडलं नाही, आणि ताई चपला घालून निघून आल्या. मला सुरेखाचा त्या दिवशी फार राग आला होता. आता येत नाही. आई होती ती.

पगारी बाई ठेवली, पण तिला कुशी बदलून द्यायचा कंटाळा. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ, आणि पावसाळा संपता संपता सुरेखा गेली. वर्षाच्या आत लग्न उरकावं असं नात्यातल्या मोठ्यांनी ठरवलं, आणि नवल म्हणजे ते जमलंही. मुलगी चिपळूणची, हसरी. प्रसाद पत्रिका द्यायला मजल्यामजल्यावर फिरला. ताईंचं दार त्याने सोडून दिलं. त्या दाराशीच उभ्या होत्या म्हणे, पलीकडच्या घरी पत्रिका देताना त्यांनी त्याला पाहिलं. मला सांगताना म्हणाल्या, "चांगला दिसत होता गं. तब्येत भरलीय." त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

हॉलमध्ये आता एक तरुण मुलगी मोठा स्पीकर लावून वर्ग घेते. मुलगी वाईट नाही. आमच्यातल्या काही जणी जातात, म्हाताऱ्या मागच्या ओळीत उभ्या राहतात. ताई मात्र घराबाहेर पडेनाशा झाल्या. त्यांना एकच काम येत होतं आणि ते गेलं होतं. लेक ठाण्याला बोलवायची, जात नसत. प्रसादच्या लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात पोटाचा आजार निघाला आणि बघता बघता अंगावरचं मांस उतरलं. मी रोज जाऊन बसायचे. ज्या बाईने आम्हा सगळ्यांना खायला लावलं, तिला पेजेचा घोट उतरेना.

शेवटच्या दिवसांत एकदा मी विषय काढलाच. प्रसादला आता सांगते, म्हटलं. त्याचं लग्न झालं, मूल झालं, आता काय बिघडणार आहे? निदान तुम्ही डोळे मिटण्याआधी त्याने येऊन पाया पडावं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"सुरेखाने आयुष्यात माझ्याकडे एकच मागितलं, मालती," त्या म्हणाल्या. "माझ्यामागून तू ते मोडणार असशील, तर मी राखलं काय?"

मी शब्द दिला. दिला म्हणजे त्यांनी माझ्याकडून घेतला, मनगट धरून.

त्या गेल्या त्या सकाळी मी पांढरी साडी नेसून लिफ्टसाठी उभी होते. लिफ्ट वरून आली, आत प्रसाद, कडेवर छोटी मुलगी. तिला पाळणाघरात सोडायला निघाला असावा. मी आत शिरले. तांबे मॅडमकडे ना, त्याने विचारलं. मी मान हलवली. तो मुलीचं टोपडं सारखं करत राहिला, मग म्हणाला की वाईट झालं, आता मनात राग नाही, पण तिकडे यायला मन धजत नाही. आणि एकदम माझ्याकडे वळला.

"काकी, त्या दिवशी तुम्ही आईच्या बाजूलाच होतात ना? एकदाच खरं सांगा. नव्हतंच विचारलं ना त्यांनी?"

त्याचे डोळे थेट सुरेखाचे आहेत. मूलही माझ्याकडे बघत होतं. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं, उपमा, सोमवार, गोळी.

"नाही रे बाळा," मी म्हणाले. "नव्हतं विचारलं."

त्याने मान हलवली. लिफ्ट थांबली, तो गेटकडे गेला, आणि मी ताईंना पोचवायला गेले.